मापाच्या वहीतल्या दोघी

टाचणी फार बोलत नसे, आणि त्याचं कारण तिचा स्वभाव नव्हता. तिच्या तोंडात कायम पाच-सहा टाचण्या असत. त्या ओठांत धरून ती जे बोले ते नाकातून बाहेर येई. कंपनीत नव्यानं आलेल्या नटाला ते समजायला चार-सहा महिने लागत. एकदा समजायला लागलं की मग त्याला कळे, ही बाई दिवसभर कुणाची ना कुणाची फिरकी घेत असते आणि त्यात बहुतेक वेळा तो स्वतःच असतो.

तिला हे नाव आमच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरांनी दिलं. खरं नाव होतंच, पण ते माझंही होतं. एका कंपनीत एका नावाच्या दोघी, म्हणजे हाक मारली की दोघींनी मागे वळून बघायचं. म्हणून मी सगळ्यांची ताई झाले आणि ती झाली टाचणी. मी रंगमंचावर, ती कपडेपटात. तीस वर्षं आमच्यात एका पडद्याचं अंतर होतं.

तुम्ही समोरच्या खुर्चीत बसून नाटक बघता तेव्हा राणी डावीकडून जाते आणि भिकारीण होऊन उजवीकडून येते. मधे काय होतं ते सांगते. मधे चाळीस सेकंद असतात, अंधार असतो आणि टाचणी असते. ती झगा असा धरून उभी राही की दोन्ही बाह्यांची तोंडं माझ्याकडे उघडी असत. मी न बघता हात पुढे केले की ते बरोबर बाह्यांत जात. "हात घाला" असं तिनं मला एकदाही सांगितलं नाही. तिनं नुसतं धरायचं, पुढचं आपण करायचं.

एकदा ऐन तिसऱ्या अंकाच्या आधी माझी बाही खांद्यापासून फाटली. मॅनेजरांनी ती दोन बोटांनी चिमटीत धरली आणि टाचणीनं अंगावरच शिवायला घेतली. घंटा झाली. मी निघाले, तर माझ्यामागून मॅनेजरही निघाले. घाईत त्यांच्या शर्टाचा कफ बाहीला शिवला गेला होता. टाचणीनं दातांनी दोरा तोडला आणि टाचण्यांमधून म्हणाली, "थांबा की. त्यांचंही पदार्पण होऊन जाऊ दे."

तिची सगळी विद्या एका वहीत होती. उभी, जाड पुठ्ठ्याची, कापडानं मढवलेली मापाची वही. एक भरली की दुसरी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कंपनीतल्या प्रत्येकाचं माप घेई. छाती, कंबर, खांदा, बाही, आणि शेवटी शेऱ्याचा एक छोटा रकाना. त्यात ती काय वाटेल ते लिही. 'खोकला.' 'मेहुणीकडे राहून आला.' 'सिगारेट सोडली, पुन्हा धरली.' एका खलनायकाच्या नावापुढे सलग तीन महिने 'प्रेम' असं लिहिलं होतं आणि चौथ्या महिन्यात 'नाही'. त्याची कंबर त्याप्रमाणे आत-बाहेर झालेली होती.

आता मॅनेजरांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या चांगुलपणातून निघाला.

एक वर्ष असं आलं की पगार हातात द्यायचे नाहीत, बँकेतच जमा करायचे, असा नियम निघाला. मॅनेजर एका दुपारी सगळ्यांचे अर्ज भरायला बसले. बावीस माणसं, बावीस अर्ज आणि साडेसहाला प्रयोग. आडनावाच्या रकान्यात त्यांनी सरसकट कंपनीचं नाव लावलं. "एका घरचेच आहोत आपण," ते म्हणाले. पत्ता लिहिला नाट्यगृहाच्या मागच्या दरवाजाचा, कारण आठ महिने दौऱ्यावर असणाऱ्या माणसाचं पत्र घरी कोण घेणार? जन्मतारखेची चौकशी करायला वेळच नव्हता. त्यांनी कंपनीचा पहिला प्रयोग झाला तो दिवस सगळ्यांना देऊन टाकला. वर्ष तेवढं माणूस बघून लिहीत होते. टाचणी आणि मी तेव्हा एकाच पेटाऱ्यावर बसून चहा पीत होतो. त्यांनी चष्म्यावरून एकदा आमच्याकडे पाहिलं आणि दोघींना एकच वर्ष टाकलं. मी बसल्या जागी आठ वर्षांनी लहान झाले. टाचणी दोन-तीन वर्षांनी मोठी झाली असावी. तिनं तक्रार केली नाही. मी तर करणारच नव्हते.

पुढे ओळखपत्रं निघाली, कार्डं निघाली, ती सगळी त्याच अर्जांवरून. एक खोटं कागदावर गेलं की बाकीचे कागद त्याच्या मागे गुमान रांगेत उभे राहतात.

आणि मग मॅनेजरांना वाटलं, तारीख दिली आहे तर ती साजरी का करू नये? दरवर्षी त्या दिवशी एक मोठा केक येऊ लागला. त्यावर लिहिलेलं असे, 'सर्वांना'. बावीस जणांनी एकदम फुंकर मारायची. बाकीच्यांना ती गंमत होती, त्यांचे खरे वाढदिवस घरी होत. टाचणीचं तसं नव्हतं. तिची आई कंपनीचे कपडे धुवायची आणि मूल कपडेपटातच वाढलं. पोरगी सात-आठ वर्षांची असताना आई गेली, आणि जन्मतारीख तिच्याबरोबर गेली. त्यामुळे मॅनेजरांनी दिलेली तारीख हीच टाचणीची तारीख. वर्षातून त्या एका दिवशी ती स्वतःसाठी कपडा शिवे. बाकी वर्षभर आम्ही टाकलेलंच घाली.

कंपनी बंद पडली त्याला वीस वर्षं होत आली. टाचणीनं दोन रस्ते जिथे मिळतात तिथे, जिन्याखाली, दोन खोल्यांचं दुकान भाड्यानं घेतलं. पुढच्या खोलीत मशिनं, मागच्या खोलीत ती आणि तिची भाची. मानलेल्या बहिणीची ही मुलगी तिनंच वाढवली. भाची आता तिशीची आहे. कापणं ती करते, शिवणं टाचणी करते आणि गिऱ्हाइकांना उत्तरं भाची देते, कारण तिचं तोंड रिकामं असतं. मलाही ती सोडत नाही. टाचणी तिची मावशी, म्हणून मी तिची ताईमावशी.

माझा तिथे रोजचा फेरा असतो. दहा वाजता जायचं, काजं करायला बसायचं, चहा घ्यायचा, जुन्या नाटकांतला एखादा उतारा म्हणायचा आणि बाराला उठायचं. भाचीच्या मते मी एका सकाळी दोन काजं करते आणि त्यातलं एक तिला उसवावं लागतं.

गेल्या वर्षी दुकानाच्या मालकानं जागा विकायला काढली. माणूस सज्जन. टाचणीला म्हणाला, "पहिला हक्क तुमचा. तीन महिने थांबतो. त्यानंतर मात्र मला थांबता यायचं नाही, मोबाइलवाला मागे लागलाय." टाचणीनं आयुष्यात कधी स्वतःच्या मालकीचा दरवाजा उघडला नव्हता. पाळणा पेटाऱ्यात, लहानपण कपडेपटात, संसार भाड्याच्या जिन्याखाली. तिनं बरीच रक्कम साठवली होती, उरलेल्यासाठी भाचीला सहकर्जदार घेऊन बँकेत अर्ज केला. महिनाभरानं उत्तर आलं, कर्ज देता येत नाही. कारण विचारलं तर बँकेतल्या बाईंनी एक छापील गठ्ठा हातात दिला. माणसानं आजवर कुठे कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवणारी एक संस्था असते. हा टाचणीचा क्रेडिट रिपोर्ट होता.

मी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दहा वाजता गेले तेव्हा तो मशिनवर ठेवलेला होता. वरून कैचीचं वजन.

"ताई, वाचून दाखवा," टाचणी म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. हे मला नंतर आठवलं.

"हिला वाचता येतं की," मी भाचीकडे बोट दाखवलं.

"हिचं वाचन म्हणजे भाजीची यादी. तुमचं ऐकावंसं वाटतं."

असं कुणी म्हटलं की मला खुर्ची लागत नाही. मी उभी राहिले, चष्मा चढवला आणि घसा साफ केला.

"नाव," मी वाचलं. "बरोबर. जन्मतारीख. बरोबर. पत्ता, नाट्यगृहाचा मागचा दरवाजा."

"तिथे आता सोफे विकतात," भाची म्हणाली. "म्हणजे मावशी शोरूममध्ये राहते."

"व्यवसाय, अभिनेत्री."

टाचणीनं मान वर केली. "खरंच तसं लिहिलंय?"

"छापलंय."

"चला, एवढं तरी पदरात पडलं."

पुढे शिलाई मशिनसाठी काढलेलं कर्ज होतं. ते कधीच फिटलं होतं, पण इथे 'चालू' दाखवत होते. भाचीनं मापाच्या वहीतून फिटल्याचा दाखला काढून माझ्यापुढे नाचवला. टाचणी सगळे महत्त्वाचे कागद त्या वहीतच ठेवते. "ही चूक क्रमांक एक," भाची म्हणाली. "पत्ता दोन, धंदा तीन. पुढे?"

पुढे अकरा वर्षांपूर्वीचं एक कर्ज होतं. खासगी संस्थेचं. चौदा हप्ते भरलेले, नंतर एकही नाही. थकीत.

मी रक्कम वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. ती रक्कम मला पाठ होती. महिनाही पाठ होता.

अकरा वर्षांपूर्वी मला हुक्की आली होती. स्वतःचं नाटक काढायचं, स्वतः निर्माती व्हायचं, लोकांना दाखवून द्यायचं. त्यासाठी मी कर्ज काढलं. नऊ प्रयोग झाले. नवव्याला प्रेक्षागृहात जितकी माणसं होती त्याहून जास्त आम्ही रंगमंचावर होतो. हप्ते काही दिवस भरले, मग जमेना. मग त्या संस्थेची आमच्या रस्त्यावरची शाखाच बंद झाली. मला एकही पत्र आलं नाही, आणि जे पत्र येत नाही ते कुणी लिहिलंच नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्रं येत असणारच, पण मागच्या दरवाजाला. सोफेवाल्यांकडे.

"ताईमावशी?" भाची म्हणाली.

"इथे जरा पुसट आहे."

"छापील आहे ते. पुसट कसं असेल?"

"मग माझे डोळे पुसट असतील," मी म्हणाले, आणि ओळ गाळून पुढचं वाचलं. आयुष्यभर मी रंगमंचावर ओळी विसरले, त्या कुणाच्या लक्षात येऊ दिल्या नाहीत. मुद्दाम गाळलेली ओळ ती पहिलीच.

पण भाची माझ्या खांद्यावरून वाचत होती. "हे बघ मावशी, हे कुणीतरी तुझ्या नावावर उचललंय. मी काल रात्रीच म्हणत होते ना, फसवणूक झालीय, तक्रार ठोकू. तूच म्हणालीस, थांब, ताईंना दाखवू."

"दाखवलं," टाचणी म्हणाली आणि मशिन सुरू केलं.

मी त्या दिवशी बाराऐवजी साडेदहाला उठले. काज अर्धं राहिलं.

घरी गेल्यावर मी स्वतःशी पुष्कळ संवाद म्हटले. यंत्राची चूक आहे, माझी काय? मी काही तिच्या नावानं कर्ज घेतलं नव्हतं, माझ्याच नावानं घेतलं होतं. नाव एक असण्यात माझा काय दोष? संवाद बरे होते, पण समोर कुणी टाळ्या वाजवेना. डोळ्यांसमोर सारखी ती जिन्याखालची खोली यायची, आणि तिथे काचेच्या कपाटात मोबाइल मांडलेले दिसायचे.

दुसऱ्या दिवशी मी दहाची वाट पाहिली नाही. आठलाच गेले. भाची दूध आणायला गेली होती. टाचणी एकटीच कापडावर खडूनं माप आखत होती.

"टाचणी," मी म्हणाले, "ते कर्ज माझं आहे."

"बसा आधी," ती म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको. ऐक तरी."

"ऐकलं की. मला ठाऊक होतं."

तिनं कपाटावरून एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे धरली. माझं पान. माझ्या नाटकाचे कपडे तिनंच शिवले होते, आणि कंपनी बंद पडल्यावरही माझं महिन्याचं माप तिनं सोडलं नव्हतं. त्या वर्षीच्या रकान्यांत माझी कंबर महिन्यागणिक आत आत गेलेली होती. दोन बोटं, मग आणखी एक, मग आणखी एक. शेऱ्यात पहिल्या महिन्यात 'निर्माती' असं लिहिलं होतं. नंतरच्या प्रत्येक महिन्यात एकच शब्द, 'काळजी'.

"चौदा महिने तुम्ही हप्त्याच्या तारखेला जेवत नव्हता," टाचणी म्हणाली. "मग एकदम कंबर भरायला लागली. मी म्हटलं, फिटलं वाटतं. परवा रिपोर्टात तो महिना बघितला आणि कळलं, फिटलं नाही. सुटलं."

"मग काल मला वाचायला का लावलंस?"

ती खडू खाली ठेवून हात पुसत राहिली. मग मला कळलं. मी तिला तीस वर्षं अंधारात उभी पाहिली होती, बाह्या उघड्या धरून. कालही तिनं तेच केलं होतं. नुसतं धरलं होतं, आणि मी हात घातला नव्हता.

"चल," मी म्हणाले. "बँकेत जाऊ."

"तुमच्या डोक्यावर येईल ते."

"माझंच आहे ते. माझ्या डोक्यावर यायचं नाही तर काय तुझ्या?"

"या वयात?"

"तुझ्या-माझ्या वयाचंही बोलायचंच आहे तिथे," मी म्हणाले. "तो खरा कठीण प्रवेश आहे."

बँकेतल्या कर्ज विभागाच्या बाई पन्नाशीच्या होत्या, गळ्यात चष्म्याची साखळी. आमचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भाचीही मागोमाग आली होती, दुधाची पिशवी हातात घेऊनच. मी कबुली दिली तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पिशवी येते अंगावर. पण ती फक्त म्हणाली, "पुसट होतं म्हणे."

बाईंनी उलगडून सांगितलं. माझ्या जुन्या कर्जाच्या नोंदीवर ओळखक्रमांक चढवलाच नव्हता. यंत्रानं नाव बघितलं, आडनाव, जन्मतारीख, पत्ता बघितला. चारही जुळले, म्हणून त्यानं दोघींना एकच बाई धरलं आणि दोघींची पानं एका फाइलीत टाकली. अशी चूक होते, पण इतकी तंतोतंत त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली होती.

"जुळ्या बहिणींचंही नाव तरी वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात वेगळं असं काहीच नाही?"

टाचणीनं पिशवीतून मापाची वही काढली. मला वाटलं दाखला काढते आहे. तिनं आमची दोन्ही पानं उघडून टेबलावर ठेवली.

"नाव एक, तारीख एक, पत्ता एक," ती म्हणाली. "पण कंबर बघा."

बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खरंच बघितली. आधी एक पान, मग दुसरं. मग पानं उलटत बाकीच्यांचे शेरेही त्या बराच वेळ वाचत होत्या. "हा खलनायक कोण?" त्यांनी विचारलं. टाचणीनं सांगितलं. मागच्या रांगेतला गृहस्थ खाकरला तेव्हा त्या भानावर आल्या.

"अर्जात कंबरेला रकाना नाही," त्या म्हणाल्या. "मला कागद लागतील. मशिनच्या कर्जाचा दाखला आहे, छान. पत्ता आणि व्यवसाय तुम्ही लिहून द्या. मुख्य म्हणजे त्या संस्थेनं सांगायला हवं की ते कर्ज यांचं आहे, यांचं नाही. आणि एक सांगते, दोघींची तारीख एकच राहिली तर यंत्र उद्या पुन्हा तुम्हाला एकत्र बांधेल. एकीनं तरी खरी तारीख लावून घ्या. कुणाकडे जन्माचा पुरावा आहे?"

टाचणी खाली बघायला लागली. तिच्याकडे कुठला असणार? आणि असता तरी मी तिला तो काढू दिला नसता. वर्षातून एक दिवस ती स्वतःसाठी शिवते, तो दिवस मी कसा घेऊ?

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

माझ्या पेटाऱ्याच्या तळाशी शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर माझ्या वडिलांचं आडनाव आहे आणि खरी तारीख आहे. जाहिरातींतून, मुलाखतींतून, सत्काराच्या भाषणांतून ती तारीख मी इतकी वर्षं बाहेर येऊ दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो दाखला मी बाईंच्या टेबलावर आधी पालथा ठेवला, मग सुलटा केला. बाईंनी वर्ष वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं. त्या भल्या बाईनं तोंडातून अक्षर काढलं नाही.

भाचीनं काढलं. "ताईमावशी, म्हणजे तुम्ही बहात्तर?"

"हळू बोल. रांग आहे."

"मग चौसष्टीचा सत्कार मागच्या महिन्यात कुणाचा झाला?"

"कंपनीचा," टाचणी म्हणाली.

नंतरचं सगळं काम भाचीनं हातात घेतलं. तिनं अर्ज लिहिला, प्रत्येक चुकीपुढे पुरावा जोडला, नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे पाठवला आणि पोच घेतली. मला घेऊन ती त्या खासगी संस्थेच्या नव्या कार्यालयात गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. तिथल्या माणसाला मी सांगितलं, मी अकरा वर्षांपूर्वीची तुमची थकबाकीदार. तो इतका गोंधळला की त्यानं मला पाणी दिलं. आपल्या पायांनी चालत येणारा थकबाकीदार त्यानं पाहिला नव्हता. मी माझ्या जुन्या सहीचा नमुना दिला, माझं खरं आडनाव, खरी तारीख आणि खरा पत्ता दिला. त्यानं लेखी कळवलं की कर्ज या बाईंचं आहे. उरलेलं मी कसं फेडते आहे ती माझी बाब आहे, तिची जागा इथे नाही. एवढंच सांगते, आता पत्रं माझ्या घरी येतात आणि मी ती उघडते.

उत्तराला तीस दिवस लागतील असं सांगितलं होतं. मालकाच्या तीन महिन्यांतले तेव्हा चाळीसच दिवस उरले होते. त्या दिवसांत टाचणीनं मशिनची जागा बदलली नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही. मोबाइलवाला दोनदा येऊन खोली मोजून गेला. दुसऱ्या वेळी त्याची टेप छोटी पडली, तर टाचणीनं त्याला स्वतःची दिली.

"तू त्याला टेप कशाला दिलीस?" मी चिडून विचारलं.

"चुकीचं माप मला बघवत नाही," ती म्हणाली.

सव्विसाव्या दिवशी भाचीच्या फोनवर निरोप आला. तिनं तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. आणि या वेळी ओळ गाळायची नाही."

मी उभी राहिले. पत्ता, जिन्याखालचं दुकान. व्यवसाय, शिवणकाम. मशिनचं कर्ज, पूर्ण फिटलेलं. अन्य कर्ज, नाही. मी प्रत्येक ओळ सावकाश वाचली. टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"व्यवसाय पुन्हा वाचा," ती म्हणाली.

"शिवणकाम."

"अभिनेत्री गेलं."

"ठेवायचं होतं का?"

तिनं थोडा विचार केला. "नको," म्हणाली. "तुमच्या नशिबात काय काय आलं ते बघितलं की."

बँकेचं कर्ज बारा दिवसांत मंजूर झालं. मुदतीला दोन दिवस राहिले असताना मालकाच्या हातात कागद पडले. त्यानं किल्ली दिली. किल्ली तिच्याकडे वीस वर्षं होतीच, तीच. तरी तिनं बाहेर जाऊन दार लावलं आणि पुन्हा उघडलं.

गेल्या महिन्यात कंपनीची तारीख आली. मी केक घेऊन गेले. लहान, तिघींपुरता. केकवाल्यानं काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून सवयीनं 'सर्वांना' निघालं. मग मी ते खोडायला लावलं आणि तिचं नाव लिहायला सांगितलं. ते माझंही आहे, पण त्या दिवशी ते तिचं होतं. टाचणीनं नवा निळा कोट घातला होता.

"ताई, या वर्षापासून तुम्ही पाहुण्या," ती म्हणाली. "तुमची तारीख पावसाळ्यानंतर."

"पाहुणीला कोरा कपडा शिवायचा असतो," मी म्हणाले. "घे माप."

तिनं तोंडात टाचण्या घेतल्या, टेप गळ्यातून काढली आणि माझ्याभोवती फिरवली. भाची वही उघडून आकडे लिहायला बसली. कंबर सांगताना टाचणीनं टेप दोनदा निरखली.

"तीन बोटं वाढली," ती म्हणाली.

"एवढी? नीट मोज."

"नीटच मोजलंय. लिही ग, ठळक लिही. पुन्हा कुणी आम्हाला एक धरायला नको."

"शेऱ्यात काय लिहू?" भाचीनं विचारलं.

टाचणीनं टाचण्यांमधून काहीतरी सांगितलं. पन्नास वर्षांच्या सवयीनंही मला या वेळी ते कळलं नाही, आणि भाचीला कळलं की नाही कोण जाणे. तिनं माझ्या ताटलीतल्या दुसऱ्या तुकड्याकडे एकदा बघितलं आणि रकान्यात लिहिलं, 'केक'.